कोल्हापुरात टर्बाइनचं आरसी जेट उडवायचंय, परवाना-नोंदणी-विम्याचं नक्की काय?

उद्यमनगर_लेथ | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, एक मोठा व्यवहार अडकून पडलाय म्हणून धागा काढतोय. ग्लो इंजिन झालं, पेट्रोल झालं, सध्या ईडीएफ, म्हणजे बॅटरीवरच्या पंख्याचं, आरसी (रेडिओ कंट्रोल) जेट उडवतोय. आता पुण्याच्या एका जुन्या हौशी मॉडेलरांकडून १०० न्यूटन जोराच्या टर्बाइनचं (खऱ्या जेट इंजिनाची छोटी आवृत्ती) जेट सेकंडहँड मिळतंय. इंधन, बॅटऱ्या सगळं धरून १२ किलोच्या आसपास. टर्बाइन जर्मन बनावटीचं, सर्व्हिस झालेलं. पैशाचं जमवलंय, घरच्यांचंही निम्मं जमवलंय. अडलंय ते कागदाला.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक म्हणतो, ड्रोनचे नियम ड्रोनला, आपलं विमान आहे, काही लागत नाही. दुसरा म्हणतो पायलट लायसन लागतं. तिसरा म्हणतो अमेरिकेतल्या एएमए या मॉडेल विमानांच्या संघटनेचं सभासदत्व घे, त्यात विमा येतोच, काम झालं. विमा एजंटाला फोन लावला तर त्यानं विचारलं, “फवारणीचा ड्रोन का?” नाही म्हटल्यावर, “मग लग्नाचा?”

कुणी हे सगळं खरंच करून बसलंय का? आणि उडवायचं कुठं, हा प्रश्न वेगळाच.

नाद_खुळा_९९ | शनिवार, रात्री ९.५२

कशाला कागद घेऊन बसलाईस भावा. पठारावर न्यायचं, दोन राउंड मारायचे, येताना मिसळ खायची. कोण विचारालंय तिथं?

आरसीकाका | शनिवार, रात्री १०.३०

९९, तुला कोण विचारत नाही कारण तुझा फोमचा ट्रेनर आहे, आणि त्याचा आवाज मिक्सरपेक्षा कमी. टर्बाइन लागलं की दोन गावं लांबून माणसं येतात बघायला, आणि त्यात एखादा पोलीस पाटील असतोच.

लेथभाऊ, आधी एक हिशेब करून बघा. १२ किलोचं जेट ताशी २०० किलोमीटरनं येत असेल तर त्यात साधारण १८,५०० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे स्प्लेंडर आणि वर बसलेला गडी मिळून ताशी ५० किलोमीटरनं अंगावर येण्याइतकी. वर त्यात दीड-दोन लिटर इंधन आणि मागं ६०० अंशांचा झोत. स्प्लेंडरला आपण आरसी, लायसन, इन्शुरन्स बिनबोभाट काढतोच की.

कायद्याचं वकीलसाहेब सांगतील. मी टर्बाइनच्या सवयींबद्दल नंतर लिहितो, आत्ता जेवायला हाक आली.

कलम_आणि_कागद | रविवार, सकाळी ७.१५

कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून रविवारच तेवढा मोकळा मिळतो, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लागू आहेत ते ‘ड्रोन नियम, २०२१’. २५ ऑगस्ट २०२१ ला आले. मूळ १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, पण हे नियम चालूच आहेत. ते चार पंख्यांपुरते नाहीत. एरोप्लेन, रोटरक्राफ्ट आणि हायब्रिड, तिन्ही प्रकारची मानवरहित विमानं त्यात आहेत. त्यामुळे ‘आपलं विमान आहे, ड्रोन नव्हे’ हा युक्तिवाद माझ्या अशिलानं केला तर मी त्याला गप्प बसायला सांगेन.

आता हौशी मंडळींसाठीचा भाग. नियमांत ‘मॉडेल’ असा उपप्रकार स्वतंत्र दिलेला आहे. अटी तीन: कमाल वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि उडवणं नजरेच्या टप्प्यात. लेथ यांचं जेट यात बसतं. बसल्याचा फायदा हा की टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीच्या विमानाला मिळणारं मान्यतेचं प्रमाणपत्र, लागत नाही. हा फायदा मोठा आहे, कारण सेकंडहँड जेटचं टाइप सर्टिफिकेट काढायला कोण जाणार?

गोंधळ इथूनच सुरू होतो. टाइप सर्टिफिकेटची माफी वाचून लोक पुढचं वाचत नाहीत. नोंदणीची माफी मॉडेलला नाही. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे आपला यूआयएन, घ्यावा लागतो. फी शंभर रुपये. पायलटच्या प्रमाणपत्राची माफीसुद्धा ‘मॉडेल’ म्हणून मिळत नाही, ती वजनावर मिळते. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनं ‘लायसन’ जाऊन ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ आलं, आणि बिगर-व्यावसायिक वापरासाठी दोन किलोपर्यंत ते लागत नाही. दोन किलोच्या वर, पंचवीसपर्यंत, ‘स्मॉल’ वर्ग. तिथं लागतं. छोट्यात छोटं टर्बाइन लावलेलं विमानसुद्धा इंधनासकट दोन किलोत बसवणं अवघड आहे, तेव्हा टर्बाइनवाल्यानं सर्टिफिकेट धरूनच चालावं.

आणि विमा. तृतीय पक्ष विम्याला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह लागू केल्यात. सूट फक्त नॅनोला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंत. बारा किलोला सूट नाही.

ड्रोन नियमांखाली दंड जास्तीत जास्त एक लाख. पण कुणाला लागलं, गोठा पेटला, तर फौजदारी आणि नुकसानभरपाई या दंडाच्या बाहेर. तो एक लाख मग चिल्लर वाटतो.

उद्यमनगर_लेथ | रविवार, सकाळी ८.०५

साहेब, मनापासून आभार. म्हणजे यूआयएन, पायलट सर्टिफिकेट आणि विमा, तिन्ही. एक शंका, टर्बाइन आहे म्हणून वेगळा परवाना असं काही नाही ना? परदेशी व्हिडिओत ‘टर्बाइन वेव्हर’ म्हणत असतात.

कलम_आणि_कागद | रविवार, सकाळी ८.२०

नाही. आपले नियम प्रकार, वजन आणि वापर बघतात. इंजिन बॅटरीवर चालतं का रॉकेलवर, हे या तीन कागदांसाठी बघत नाहीत.

आरसीकाका | रविवार, सकाळी १०.१०

वेव्हरचं मी सांगतो. अमेरिकेत सरकार म्हणतं की नोंदणी कर, टीआरयूएसटी नावाची छोटी ऑनलाइन परीक्षा दे आणि उडव. टर्बाइनची कडक अट घालते ती संघटना, एएमए. तिथं टर्बाइनसाठी वेगळी परवानगी, म्हणजेच वेव्हर, घ्यावी लागते, आधी वेव्हर असलेल्या माणसासमोर उडवून दाखवावं लागतं, वेगाला ताशी २०० मैलांची मर्यादा, आणि जवळ अग्निशामक ठेवणं सक्तीचं. हे पाळलं तरच संघटनेचा २५ लाख डॉलरचा दायित्व विमा मागं उभा राहतो. इंग्लंडमध्ये बीएमएफए या तिथल्या संघटनेचा विमा अडीच कोटी पौंडांचा, आणि तिथल्या क्लबात बी सर्टिफिकेट (वरच्या दर्जाच्या उड्डाणकौशल्याचं) नसलेल्या माणसाला जेटच्या पाळीत कोण उभंच करत नाही. जर्मनीत तर मॉडेल विमानाला दायित्व विमा कायद्यानंच सक्तीचा, वजन कितीही असो.

म्हणजे तिकडं टर्बाइनचा चाप विमा आणि संघटना लावतात. आपल्याकडं तशी टर्बाइनची संघटना नाही. त्यामुळे नियमाचे तीन कागद झाले की टर्बाइन कसं हाताळायचं हे कुणी तपासायलाच येत नाही, आणि मला भीती त्याचीच आहे.

एएमएचं सभासदत्व घ्या, मासिक छान असतं. पण कागलच्या माळावर काही झालं तर त्याचा इथं उपयोग नाही.

कलम_आणि_कागद | रविवार, सकाळी १०.२५

बरोबर. मोटार वाहन कायद्यात पॉलिसी ‘अधिकृत विमा कंपनी’चीच लागते. परदेशी क्लबचं कार्ड दाखवून ती अट पुरी होत नाही.

मृदुला_एरो | रविवार, दुपारी १२.४०

मी इंजिनिअरिंग कॉलेजात एरोमॉडेलिंग क्लब बघते, आणि माझ्याकडे स्मॉल वर्गाचं सर्टिफिकेट आहे. दादा, फी भरायच्या आधी हे नक्की वाचा.

सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेचा कोर्स. पूर्वी पासपोर्टवरून अडायचं, सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन चालतं. वैधता दहा वर्षं. इथपर्यंत सोपं आहे.

अडचण पुढं आहे. सर्टिफिकेट प्रकार आणि वर्गानुसार मिळतं. बहुतेक संस्था शिकवतात ते रोटरक्राफ्ट, म्हणजे चार-सहा पंख्यांचं मल्टिकॉप्टर, कारण गिऱ्हाईक फवारणीचं आणि सर्वेक्षणाचं. तुमचं जेट एरोप्लेन. रोटरक्राफ्टचं सर्टिफिकेट घेऊन तुम्ही जेट उडवलंत तर कागदावर तुम्ही बिनसर्टिफिकेटचेच. आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर हे पहिल्या पाच मिनिटांत बघतो.

म्हणून संस्थेला फोन करताना “स्मॉलचा कोर्स आहे का” असं विचारू नका, समोरून हो येणारच. “एरोप्लेन, स्मॉल” असं विचारा, आणि त्यांच्या मान्यतापत्रात तो प्रकार लिहिलेला दाखवायला सांगा. आमच्या कॉलेजातल्या एका मुलानं फी भरली, आठवडाभर क्लास केला, आणि हातात आलं रोटरक्राफ्ट. संस्थेचं म्हणणं, “तुम्ही सांगितलं नाहीत.”

नाद_खुळा_९९ | रविवार, दुपारी १२.५५

आणि कोर्समध्ये काय टर्बाइन शिकवतात व्हय?

मृदुला_एरो | रविवार, दुपारी १.०२

नाही. हवामान, हवाई हद्द, नियम, आणीबाणीत काय करायचं, सिम्युलेटर आणि थोडं प्रत्यक्ष उडवणं. टर्बाइन तुमच्या काकांकडूनच शिकायचं.

पुणे_प्रॉप | रविवार, दुपारी २.३०

नोंदणीत आणखी एक खाच आहे. यूआयएन जोडला जातो तीन अनुक्रमांकांशी: विमानाचा निर्मात्याचा क्रमांक, फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलचा, आणि जमिनीवरच्या कंट्रोल स्टेशनचा. तयार ड्रोनला हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. आपल्या जेटला बॉडी एकाची, रिसीव्हर दुसऱ्याचा, जायरो (तोल सांभाळणारं उपकरण) तिसऱ्याचा. फॉर्म भरताना ‘फ्लाइट कंट्रोल’पाशी माणूस थबकतो.

मी माझ्या पेट्रोल विमानाला जायरोचा क्रमांक तिथं दिला, ट्रान्समीटरचा कंट्रोल स्टेशनपाशी, आणि बॉडीवर पाटी कोरून स्वतःचा क्रमांक. नंतर जायरो बदलला तर नोंदीतलं आणि विमानातलं जुळत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरं, सेकंडहँड घेताय तर विकणाऱ्याच्या नावावर यूआयएन आहे का ते आधी विचारा. असेल तर तो पोर्टलवरून तुमच्या नावावर हस्तांतर करून घ्यायचा, गाडीची आरसी बदलतो तसा. नसेल तर मूळ खरेदीचं बिल, जीएसटी आणि कस्टम्सचे कागद मागून घ्या. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार किंवा सुट्या संचातले ड्रोन आयात करायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा सोडून. सुट्या भागांना तशी बंदी नाही. त्यामुळे ‘हे कधी आणि कसं आलं’ हा प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार.

उद्यमनगर_लेथ | रविवार, दुपारी ३.१०

विकणाऱ्यांशी आत्ताच बोललो. टर्बाइनचं बिल आणि कस्टम्सची पावती आहे. यूआयएन नाही. “इतकी वर्षं कुणी विचारलं नाही” म्हणाले. ९९ चे नातेवाईक असावेत.

पॉलिसीवाला_जयसिंगपूर | रविवार, संध्याकाळी ६.४५

माझा धंदा जनरल इन्शुरन्सचा, ड्रोनच्या पॉलिसी करतो, बहुतेक शिरोळ-हातकणंगलेकडच्या फवारणीवाल्यांच्या. लेथ साहेबांना ‘लग्नाचा का’ विचारणारा मी नव्हे, पण मीही तेच विचारलं असतं.

आमच्याकडे प्रपोजल फॉर्मवर चौकटी अशा: मेक, मॉडेल, अनुक्रमांक, यूआयएन, टाइप सर्टिफिकेट, वजन, वापर, पायलटचं नाव आणि सर्टिफिकेट. तुमच्या जेटला टाइप सर्टिफिकेटची चौकट रिकामी. तिथं ‘लागू नाही’ लिहून सोडू नका. ‘मॉडेल प्रकार, ड्रोन नियमांनुसार सूट’ असं स्पष्ट लिहा आणि सोबत पत्र जोडा. नाहीतर अंडररायटर, म्हणजे जोखीम घ्यायची की नाही हे ठरवणारा कंपनीचा माणूस, फाइल बाजूला ठेवतो, आणि बाजूला ठेवलेली फाइल म्हणजे गेलेली फाइल.

पुढचं महत्त्वाचं. इंजिन काय आहे हे लपवू नका. कायद्याला फरक पडत नसेल, आम्हाला पडतो. ड्रोनच्या पॉलिसी बॅटरीवरचं मल्टिकॉप्टर डोळ्यापुढं ठेवून लिहिलेल्या असतात. ज्वालाग्राही इंधन, ६०० अंशांचा झोत, ताशी २०० चा वेग, हे आधी सांगितलं नाहीत आणि उद्या दावा आला, तर महत्त्वाची माहिती दडवली म्हणून कंपनी हात वर करते, आणि ती तिथं चुकीची नसते. मेलमध्ये ‘गॅस टर्बाइन, केरोसीनवर’ एवढे शब्द असलेच पाहिजेत, आणि उत्तरही मेलवरच घ्या. तोंडी ‘हो हो, कव्हर आहे’ म्हणणारा एजंट दाव्याच्या दिवशी फोन उचलत नाही. आमच्याच जमातीबद्दल बोलतोय.

पॉलिसीत हे शोधा: तृतीय पक्षाला इजा आणि मालमत्तेचं नुकसान दोन्ही आहे का, मालमत्तेला वेगळी मर्यादा आहे का, उभं पीक त्यात धरलंय का, आगीला काही अपवाद आहे का, आणि पायलट म्हणून नाव कुणाचं. मित्रानं ‘दे की जरा’ म्हणून ट्रान्समीटर घेतला आणि त्याचं नाव पॉलिसीत नसलं, तर खेळ खलास.

स्वतःच्या विमानाच्या नुकसानीचा विमा वेगळा. टर्बाइननं खडा गिळला, पाती गेली, हे तृतीय पक्षात येत नाही.

खोडवा | रविवार, रात्री ८.२०

आमचा ऊस, म्हणून विचारतो. पडलं हे उसात, लागली आग, तर भरपाई कोण देणार? जानेवारी-फेब्रुवारीत पाचट इतकं वाळलेलं असतं की बिडीच्या ठिणगीनं एकराचा फड जातो. जळका ऊस कारखाना नेतो, पण वजनात मार खातो आणि दरात कपात.

पॉलिसीवाला_जयसिंगपूर | रविवार, रात्री ८.३५

पॉलिसीत पीक आणि आग दोन्ही असेल तर कंपनी. नसेल तर लेथ साहेब. जमिनीच्या मालकानं उडवायला परवानगी दिली म्हणून शेजारच्या फडाची जबाबदारी त्याच्यावर जात नाही.

कलम_आणि_कागद | रविवार, रात्री ८.५०

आणि माणूस जखमी झाला तर आकडा पिकाच्या फार पुढं जातो. मोटारीसाठी कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. चूक सिद्ध करून मागितली तर भरपाई माणसाच्या उत्पन्नावर ठरते, ती पन्नास लाखांवरही जाते. पॉलिसीची मर्यादा ठरवताना हे डोक्यात असू द्या. अपघात झालाच तर ४८ तासांत डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरून डीजीसीएला कळवणं पायलटवर बंधनकारक आहे. ‘आपापसात मिटवलं’ हे उत्तर नव्हे.

आरसीकाका | रविवार, रात्री १०.०५

खोडवा यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. टर्बाइनची आग हवेत क्वचित लागते. बहुतेक वेळा ती सुरू करताना लागते, आणि ती बघितल्याशिवाय कुणी खरेदीला जाऊ नये.

होतं असं. तुम्ही ट्रान्समीटरवरून स्टार्ट देता. मोटर टर्बाइन फिरवायला लागते, आत इग्नायटर तापतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर, पंपाला थेंब-थेंब इंधन सोडायला सांगतो. ‘फुस्स’ करून पेट घेतला की स्क्रीनवर तापमान चढायला लागतं, २००, ४००, ५५०, आणि फेरे वाढत चाळीस हजारांवर आयडलला स्थिरावतात. पूर्ण थ्रॉटलला हेच १०० न्यूटनचं यंत्र मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फिरतं. पण आधीचा प्रयत्न फसला असेल, आणि आत कच्चं इंधन साठलेलं असताना विमानाचं शेपूट खाली असेल, तर दुसऱ्या स्टार्टला नळीतून हातभर पिवळी ज्वाळा येते. तापमान ७०० च्या वर पळतं. नवा माणूस तिथं ट्रान्समीटरकडं बघत बसतो. बघायचं नळीकडं, इंधन तोडायचं, मोटरनं नुसती हवा फिरवत ठेवायची, आणि तरी विझलं नाही तर पुढच्या तोंडातून कार्बन डायऑक्साइड मारायचा. घरातली लाल पावडरची बाटली मारली तर आग विझते, पण टर्बाइनही बाद. म्हणून सीओटूचा सिलिंडर, आणि तो धरणारा दुसरा माणूस. एकट्यानं टर्बाइन सुरू करायचं नाही, हा माझ्याकडचा नियम.

उडवतानाचा फरक थ्रॉटलचा. ईडीएफ लगेच दाद देतं. टर्बाइन आयडलवरून पूर्ण ताकदीला यायला तीन-चार सेकंद खातं. उतरताना छोटं पडतंय असं वाटून थ्रॉटल दिला, तर ताकद येईपर्यंत विमान खोडवांच्या उसात. आणि फेलसेफ तपासा: सिग्नल गेला की इंजिन बंद झालंच पाहिजे. चाकं धरून, ट्रान्समीटर बंद करून, जमिनीवर बघायचं. पॉलिसीवाल्यांना याचा व्हिडिओ द्या, अंडररायटरला बरं वाटतं.

पॉलिसीवाला_जयसिंगपूर | रविवार, रात्री १०.१८

काका, खरंच द्या तसा व्हिडिओ. फाइल हलते त्यानं.

नाद_खुळा_९९ | रविवार, रात्री १०.३०

रॉकेल कुठलं आणायचं? आमच्या आजीकडं रेशनचं जुनं कॅन हाय 😄

आरसीकाका | रविवार, रात्री १०.४१

आजीचं कॅन आजीकडंच असू दे. रेशनचं निळं रॉकेल दिव्या-चुलीखेरीज वापरणं १९९३ च्या आदेशानं बंद आहे. खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल मिळतं, बरीच टर्बाइन डिझेलवरही चालतात, पण निर्मात्याची पुस्तिका बघूनच. त्यात तीन ते पाच टक्के टर्बाइन ऑइल घालायचं, बेअरिंगचं वंगण तेच. गाळून भरायचं, दोनदा.

उद्यमनगर_लेथ | सोमवार, सकाळी ९.२०

रात्री दोनदा वाचला धागा. आता जागेचं बोलू. मला १५० मीटर तरी डांबरी किंवा चांगली रोलिंग केलेली पट्टी लागेल. शिरोलीत, गोकुळ शिरगावला एमआयडीसीचे रस्ते रविवारी रिकामे असतात. मसाई पठारही डोक्यात आहे.

मृदुला_एरो | सोमवार, सकाळी ११.००

गोकुळ शिरगाव विसरा. उजळाईवाडीचा विमानतळ शेजारीच. डिजिटल स्कायचा नकाशा उघडून बघा: लाल भागात केंद्र सरकारची परवानगी, पिवळ्यात एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची), हिरव्यात नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा आहे तो २०० फुटांपर्यंतच, त्याच्या वर पिवळा. त्याहून लांब ४०० फूट. आपलं जवळजवळ सगळं शहर या वर्तुळात येतं. आणि जेटला २०० फुटांत ठेवणं म्हणजे वळण घेतानाच मर्यादा ओलांडणं.

नकाशा त्या दिवशी सकाळी परत बघायचा, बदलतो. शिवाय मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, सीमेवर काही झालं की जिल्हा दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली उडवायला बंदी घालतात. तुमचे सगळे कागद असले तरी त्या दिवशी ते चालत नाहीत.

खोडवा | सोमवार, दुपारी १.१५

मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे. वनखात्याचं माणूस पहिलं येईल. वाळलेलं गवत, त्यात तुमचा झोत. नकोच.

कलम_आणि_कागद | सोमवार, दुपारी १.४०

एमआयडीसीचा रस्ता सार्वजनिक आहे, रविवार असला तरी. खासगी जागा घ्या, मालकाची लेखी संमती घ्या, आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला साधं माहितीपत्र देऊन पोच घ्या. हे नियमात मागितलेलं नाही, पण फोन आला की हवालदाराच्या हातात आपलाच कागद असलेला बरा.

खोडवा | सोमवार, दुपारी २.०५

आमच्या पाहुण्यांची नृसिंहवाडीच्या अलीकडं बंद पडलेली वीटभट्टी आहे. आत ट्रकांसाठी केलेला काँक्रीटचा सरळ रस्ता आहे, मोजलेला नाही, पण दोनशे मीटर असावा. एका बाजूला नदीपात्राकडची गाळपेर, दुसऱ्या बाजूला ऊस. तोड झाल्यावर ऊस नसतो. विचारू का?

उद्यमनगर_लेथ | सोमवार, दुपारी २.०९

दादा, विचारा म्हणजे काय, आत्ता विचारा!

नाद_खुळा_९९ | सोमवार, दुपारी ४.४४

बरं आता खरा प्रश्न. आमच्या मंडळाला पुढच्या वर्षी आगमनाला काहीतरी हटके करायचंय. लेथभावानं जेट उडवलं तर मंडळ मानधन द्यायला तयार हाय. फुलं टाकता येतील का त्यातनं?

कलम_आणि_कागद | सोमवार, संध्याकाळी ५.३०

मानधन घेतलं की ती करमणूक राहत नाही, काम होतं. मग जेट ‘मॉडेल’ च्या व्याख्येतून बाहेर, टाइप सर्टिफिकेटची माफी गेली, आणि पॉलिसीत वापर ‘छंद’ लिहिला असेल तर तीही गेली. गर्दीच्या डोक्यावरून टर्बाइन हे तर मी लिहायच्याही लायकीचं समजत नाही. ढोल-ताशा पुरे.

नाद_खुळा_९९ | सोमवार, संध्याकाळी ५.३६

ढोल-ताशालाही परवानगी लागतीयाच की.

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, रात्री ८.५०

ठरलं ते सांगतो. व्यवहार रद्द नाही, पण अटीवर. विकणारे आधी स्वतःच्या नावावर नोंद करतील, मग हस्तांतर. बयाणा दिलाय, बाकी यूआयएन माझ्या नावावर आल्यावर. ‘एरोप्लेन, स्मॉल’ शिकवणारी संस्था मृदुलाताईंनी सुचवलेल्या प्रश्नांनीच सापडली, मान्यतापत्राचा फोटो मागवला, त्यात प्रकार लिहिलेला आहे. पुढच्या महिन्यातली बॅच. तोवर टर्बाइन स्टँडवर बांधून, काकांच्या देखरेखीखाली. जमिनीवर चालवायला सर्टिफिकेट लागत नाही ना?

कलम_आणि_कागद | मंगळवार, रात्री ९.०२

उडत नाही तोवर नाही. पण उद्यमनगरात शेजारच्या शेडमधल्या लोकांना आधी सांगा.

आरसीकाका | मंगळवार, रात्री ९.१५

शेडमध्ये अजिबात नको. उघड्यावर, मागं दहा मीटर मोकळं, जमिनीवर कापडाचा तुकडासुद्धा नको. सीओटूचा सिलिंडर मी आणतो, कानाचे मफ तुम्ही घ्या. रविवारी सकाळी या, आधी स्टँडचे बोल्ट बघू.

खोडवा | मंगळवार, रात्री ९.४०

पाहुणे हो म्हणालेत. लेखी देतो म्हणाले. फक्त एक अट, त्यांच्या नातवाला जवळून दाखवायचं.

पॉलिसीवाला_जयसिंगपूर | मंगळवार, रात्री ९.५५

नातू सुरक्षित अंतरावर, पायलटच्या मागं. लेथ साहेब, टर्बाइनच्या पाटीचा, बॉडीवरच्या क्रमांकाचा आणि जायरोचा फोटो पाठवा, सोबत वीटभट्टीचा गुगल नकाशा, शेजारची शेतं दाखवून. मी दोन कंपन्यांना ‘गॅस टर्बाइन’ असं विषयातच लिहून मेल टाकतो. उत्तर काय येतं ते इथंच टाकतो, नाही म्हणाले तरी.